ओळंबा आणि चंद्रावरचा खड्डा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गिलाव्याचे मिस्त्री आहेत आणि त्यांना सगळी गल्ली ओळंबा म्हणते. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं लोखंडी वजन. भिंतीशेजारी धरलं की भिंत सरळ आहे की झुकलेली ते कळतं. भाऊजींच्या खिशात ते कायम असतं. किल्ल्या विसरतील, पाकीट विसरतील, ओळंबा नाही. कुणाकडे गेलं की आपण माणसांची चौकशी करतो, हे भिंतींची करतात. शेजारचे आजोबा वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. सगळे खाली माना घालून बसलेले. भाऊजी माझ्याकडे वाकले. मला वाटलं, आजोबांच्या आठवणीने गळा दाटून आला असेल. तर म्हणतात, "दाराकडच्या भिंतीने पोट काढलंय." मी कोपराने ढोसलं तेव्हा गप्प झाले, पण निघताना त्या भिंतीवरून हात फिरवलाच.

माणूस वाईट नाही. नाकासमोर चालणारा, उधारी-उसनवारी नाही, व्यसन नाही. फक्त जगात सगळं सरळ आणि सपाट असावं अशी त्यांची अपेक्षा आहे आणि जगाने ती कधी मनावर घेतलेली नाही.

त्यांच्या धंद्याची गंमत अशी की काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. वाईट गिलावा शेंबड्या पोरालाही दिसतो. चांगल्या गिलाव्यावर लोक रंग देतात, कपाट टेकवतात आणि विसरून जातात. ताई तर त्यांचं काम बघायला म्हणून कधीच गेली नाही. लग्नानंतर पहिल्या पहिल्यांदा ते बोलवायचे. ती म्हणायची, भिंत बघायला एवढ्या लांब कशाला येऊ, इथे घरात चार आहेत की.

काम तपासायची त्यांची एक पद्धत आहे आणि तीत कधी सूट नाही. भिंत पुरी झाली की बाकीचे दिवे बंद करायचे, पत्र्याची टोपी घातलेला आपला बल्ब भिंतीच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवायचा आणि पेटवायचा. उजेड भिंतीला घासत वर जातो. एरवी हाताला न लागणारा फुगवटाही त्यात उठून दिसतो. मग ते तिथे खरवडतात, पुन्हा सिमेंट-वाळूचा माल लावतात, पुन्हा दिवा. दिवा लावल्याशिवाय भिंत हातावेगळी करायची नाही, हे त्यांचं ब्रीद. आयुष्यभर खालून येणाऱ्या उजेडात बघत आल्यामुळे त्यांना उजेड खालूनच येतो असं वाटत असावं. हे वाक्य मी आज लिहितेय. तेव्हा मला सुचलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

एवढ्या काटेकोर माणसाच्या घरात, जेवायला बसतात त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, बरीच वर्षं एक खड्डा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खड्डा त्यांनी स्वतः पाडला. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, शिक्षण संपवून बापाच्या हाताखाली येईल अशी त्यांची खात्री होती. तो एका संध्याकाळी जेवताना म्हणाला की तो तयार बोर्ड बसवणाऱ्या कंपनीत लागला आहे. भिंतीला आणि छताला कारखान्यातून आलेले बोर्ड स्क्रूने ठोकायचे, गिलाव्याची गरजच नाही. भाऊजींच्या लेखी ही बातमी म्हणजे मुलाने चोरी केल्यासारखीच. शब्दाने शब्द वाढला. मुलगा म्हणाला, तुमची कला पुढच्या पिढीत कुणी विचारणार नाही. भाऊजींच्या हाताशी पुसायला घेतलेली गिलाव्याची लोखंडी थापी होती. ती त्यांनी फेकली.

मुलावर फेकली की भिंतीवर, यावर पुढे कायम दोन मतं होती. भाऊजी म्हणायचे, भिंतीवरच मारली, माझा नेम चुकत नाही. मुलगा म्हणायचा, कानाशेजारून गेली. थापीचा कोपरा भिंतीत रुतला आणि वाटीएवढा गिलावा निखळून पडला. मुलगा उठला, हात धुतले आणि गेला. त्यानंतर तो आईला भेटायचा तो माझ्या घरी.

दुसऱ्याच दिवशी भाऊजी घमेल्यात माल कालवून खड्डा बुजवायला बसले. ताईने घमेलं उचलून बाहेर नेलं. एरवी ती त्यांच्यापुढे चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. एवढंच म्हणाली की पोरगा परत या पाटावर जेवायला बसेल त्या दिवशी हा खड्डा बुजेल, तोवर त्याला हात लावायचा नाही. तेव्हापासून ओळंबा रोज दोन वेळा त्या खड्ड्यासमोर बसून जेवू लागला. मी जेवायला गेले की बघायची, ते पानात बघून जेवायचे.

मी विज्ञान भवनात तिकीट खिडकीवर असते. आमच्या साहेबांनी एक रिकामी खोली चंद्रासाठी द्यायचं ठरवलं. आत शिरल्या शिरल्या समोरची अख्खी भिंत भरून चंद्रावरचं एक आघाती विवर दाखवायचं, म्हणजे चंद्रावर काही आदळून झालेली ती गोल जागा. फायबरवाल्या कंपनीचा आकडा ऐकून साहेबांनी पाणी मागितलं. त्याच वेळी मी चहा घेऊन जाणाऱ्या शिपायाबरोबर आत गेले आणि म्हणाले, माझे भाऊजी गिलाव्याचे मिस्त्री आहेत, भिंतीवर काहीही करून देतील.

भाऊजी आले. साहेबांनी त्यांना एक मोठं छायाचित्र दिलं. विषयातल्या बाई, ज्यांना आम्ही सगळे चंद्राच्या बाई म्हणतो, परदेशी कुठल्याशा परिषदेला गेल्या होत्या. त्या येऊन समजावतील म्हणून थांबायला साहेबांना सवड नव्हती. त्यांनी सांगितलं, मिस्त्री, हे हुबेहूब असंच पाहिजे. भाऊजींनी विचारलं, हे आहे काय? साहेब म्हणाले, चंद्रावर आकाशातून मोठा दगड येऊन आदळला, त्याची ही खूण.

आता गिलाव्याच्या मिस्त्रीला आदळणं म्हणजे काय ते विचारा. तो थापीवर माल घेतो आणि मनगटाच्या झटक्याने भिंतीवर मारतो. मारलेला माल भिंतीला चिकटतो. गोळा होतो, पसरतो, त्याच्या कडेने शिंतोडे उडतात. चाळीसएक वर्षं ज्या माणसाने भिंतीवर आदळलेलं सगळं चिकटलेलंच बघितलं, त्याने चंद्रावर वेगळं काय घडलं असेल म्हणून डोकं चालवावं? शिवाय समोर छायाचित्र होतं. त्यात उजेड वरून होता, गोलाचा खालचा भाग चकाकत होता. भाऊजींनी ते भिंतीशेजारी टाचलं, सवयीने आपला बल्ब खाली जमिनीवर ठेवला आणि त्या उजेडात चित्र वाचलं. खालून उजेड आणि खालची बाजू चकाकतेय, म्हणजे ती बाहेर आलेली असणार. इतकं सरळ. ओळंबा लावून तपासावं इतकं सरळ.

त्यांनी परांची बांधली आणि भिंतीवर चंद्र चढवायला घेतला. असं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं आणि असा आनंदी माणूस मी त्या घरात जन्मात बघितला नव्हता. सगळं आयुष्य फुगवटे खरवडण्यात गेलं, आता फुगवटा करायचे पैसे मिळत होते. रात्री ताईला चंद्राचे भाग सांगायचे. बाहेरून एक गोल कडा आहे. कड्याच्या आत पायऱ्या पायऱ्यांचा उतार आहे, जणू कुणी गोल जिना घातलाय. मग सपाट भाग. बरोबर मध्ये एक ठिपका. आणि बाहेर चहूकडे उडालेले पांढरे पट्टे, लांब लांब गेलेले. ताई ऐकून घ्यायची. मग एक दिवस म्हणाली की हे मात्र बघायला येईन. भाऊजींनी त्या दिवशी दोनदा दाढी केली, असं ती मला सांगत होती.

त्याच वेळी ताईच्या मनात एक गोष्ट घोळत होती. खोलीचं छत बोर्डाचं व्हायचं होतं आणि कंपनीने पाठवलेला माणूस शिडी घेऊन आला तो माझा भाचाच निघाला. यात माझा हात नव्हता, पण ताईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आकाशातून दगड सोडला. ती भाऊजींच्या मागे लागली की एकाच खोलीत काम करताय, आता तरी पोराला जेवायला बोलवा. भाऊजी आधी हूं का चूं करेनात. शेवटी म्हणाले, "त्याला माझं काम पुरं झालेलं बघू दे. बघून एकदा बरं म्हणू दे. मग मी स्वतः बोलावतो." मुलगा म्हणाला, ते स्वतः बोलावतील तर येईन, एरवी नाही. थोडक्यात, माझ्या बहिणीच्या घराची सगळी भिस्त चंद्रावर जाऊन बसली.

बापलेक आठवडाभर एका खोलीत काम करत होते आणि बोलत नव्हते. बाप भिंतीवर, मुलगा छतावर. एकमेकांना निरोप द्यायचे तर शिपायामार्फत. "त्यांना सांग शिडी सरकवतोय." "त्याला सांग सरकव."

मी रोज येता-जाता बघायची. भिंतीतून मोठं काहीतरी बाहेर येतंय हे मला दिसत होतं. झाडूवाल्याला दिसत होतं, पहारेकऱ्याला दिसत होतं. आम्हाला वाटलं, असेल. चंद्रावर कोण गेलंय बघायला? पुढे चंद्राच्या बाई परत आल्या. माल ओला होता म्हणून भाऊजींनी मधे दोरी बांधली होती आणि बाईंना दोरीपलीकडेच उभं केलं. बाकीचे दिवे नव्हतेच, खाली बल्ब पेटलेला. बाईंनी छायाचित्राकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. उजेड असा पडला होता की भिंत चित्राची जुळी बहीण वाटत होती. बाईंनी बोट करत करत मोजणी केली. कडा, झाला. आतल्या पायऱ्या, झाल्या. तळ झाला. मधलं शिखर झालं. बाहेर उडालेल्या मालाचे पट्टे, तेही झाले. म्हणाल्या, अप्रतिम, एकही गोष्ट राहिली नाही. आणि खरोखर राहिली नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, फक्त आत जायचं ते बाहेर आलं होतं आणि बाहेर यायचं ते आत गेलं होतं. जे जवळून बघत होते त्यांना काय असायला हवं ते ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं ते दोरीपलीकडून बघत होते. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमच्याकडे तर दुरून डोंगर खड्डाच दिसत होता.

उद्घाटनाला थोडे दिवस उरले असताना भाऊजी माल आणायला बाहेर गेले होते आणि भाच्याने छतातल्या नव्या दिव्यांची चाचणी घेतली. मी दारात उभी होते. भिंतीला लागून छतात एक रांग होती, तिचा उजेड वरून खाली भिंतीवर पडायचा होता. त्याने बटण दाबलं. खालचा बल्ब त्या उजेडात फिका पडला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते भलंमोठं विवर सरसर पालटलं आणि भिंतीला आलेलं गळू होऊन बसलं. बरोबर मध्ये, शिखराच्या जागी, बेंबी.

भाचा शिडीवर होता. तो बराच वेळ बघत राहिला. मी मनात म्हटलं, आता हा हसणार. इतकी वर्षं बोर्डवाला, स्क्रूवाला, हात नसलेला कारागीर असं जे जे ऐकून घेतलंय ते सगळं आता व्याजासकट परत करणार. मी असते तर केलं असतं. मी काही थोर बाई नाही.

तो खाली उतरला. "मावशी, हा खड्डा असायला हवा ना?"

मी म्हटलं की नावावरून तरी तसंच वाटतं.

"बाबांना माहीत नाही."

मी मान हलवली. त्याने दिवे बंद केले. खालच्या बल्बमध्ये भिंत पुन्हा आत गेली, विवर पुन्हा विवर झालं. मग तो शिडी चढला, ती दिव्यांची रांग उतरवली, वायरी आत सारल्या आणि तिथे एक कोरा बोर्ड ठोकून टाकला. साहेबांना त्याने सांगितलं की वरच्या उजेडाने कलाकृतीवर चकाकी येते, खालचा दिवाच ठेवा. साहेबांना एक दिव्यांची रांग वाचली याचाच आनंद झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं होतं.

भाऊजी परतले आणि त्यांना आपल्या कामाच्या बरोबर डोक्यावर अंधारा बोर्ड दिसला. मग काय विचारता. पुढचे सगळे दिवस तोंडाचा पट्टा सुरू. शिपायामार्फत नाही, सरळ हवेत बोलायचे. सगळ्या खोलीत दिवे आणि नेमकं माझ्या भिंतीवर काळोख. वायर ओढता येत नसेल तर शिडीवर चढावं कशाला. नाचता येईना अंगण वाकडं. भाचा शिडीवर पाठमोरा उभा राहून स्क्रू पिळत होता. त्याचे कान लाल झालेले मला खालून दिसत होते. मी खिडकीवर जाऊन तिकिटं फाडत बसले, नाहीतर माझ्या तोंडून नक्की निघून गेलं असतं. घरी ताई रडवेली झाली की एवढं जवळ आलेलं पुन्हा बिनसलं. तिलाही मी काही सांगितलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी ख्याती, तरी नाही सांगितलं.

उद्घाटनाला ताई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, माझा हात धरून, दोरीच्या अगदी पुढे उभी राहिली. फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. तिने भिंतीकडे बघितलं आणि मग भाऊजींकडे अशी बघत राहिली की मला दुसरीकडे बघावं लागलं. भाऊजी भिंतीला शोभतील असे ताठ उभे होते. भाचा मागे, दाराशी.

मग चंद्राच्या बाई बोलायला उठल्या. त्यांनी प्रत्येक भागाची माहिती दिली. मोठा दगड आदळला तेव्हा चंद्राची जमीन फुटून बाहेर फेकली गेली, त्याचेच हे पट्टे. कडा उचलला गेला, मग त्याच्या आतल्या बाजू घसरून पायऱ्या झाल्या. दाबलेली जमीन मधोमध उसळून हे शिखर उभं राहिलं. "हा खड्डा इतका खोल आहे," बाई म्हणाल्या, "की आपला एखादा डोंगर उचलून आत ठेवला तर काठावरच्या माणसाला त्याचं टोकही दिसणार नाही."

लोकांनी कौतुकाने मान हलवली. भाऊजींनी हलवली नाही. त्यांनी खड्डा हा शब्द ऐकला होता आणि किती घमेली माल त्या भिंतीवर चढवला ते त्यांच्या खांद्यांना ठाऊक होतं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग पायाशी पेटलेल्या आपल्या बल्बकडे. मग सावकाश मान वर करून छतातल्या त्या कोऱ्या बोर्डाकडे. उजेडाचा हिशेब त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. त्यांची मान खाली आली ती वळून थेट दाराकडे, मुलाकडे.

मुलगा गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ आला. भाऊजींचा हात वर झाला होता, साहेबांना काहीतरी सांगायला. मयताच्या घरीसुद्धा भिंतीने पोट काढलंय म्हणणारा माणूस, तो आता गप्प बसेल ही आशा मी सोडली होती.

मुलाने त्यांचं कोपर धरलं. "आज नको, बाबा. आई बघतेय."

भाऊजींचा हात खाली आला. मग मुलाकडे न बघता, भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "संध्याकाळी घरी जेवायला ये."

मुलाने काम बघून बरं म्हणायचं, मग हे बोलावणार, असा करार होता. मुलगा बरं म्हणाला नव्हता.

पाहुणे गेल्यावर भाऊजी मला घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. मुलाने आज नको म्हटलं होतं, पण ताई घरी गेली तसा तो आज त्यांच्या हिशेबात संपला होता. चंद्राच्या बाई तिथेच होत्या. त्या आधी पांढऱ्या पडल्या, मग हसत सुटल्या. म्हणाल्या, चित्रात उजेड कुठून आहे ते न सांगता चित्र दिलं की आम्हीही फसतो, मी असते तर उजेडाच्या दिशेचा बाण काढून दिला असता. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कुणाच्या लक्षात आलंय का? भाऊजी म्हणाले, माझ्या. साहेब म्हणाले, मग तुम्ही बघायला येऊ नका. पुढच्या वर्षी निधी आला की बघू, असं ठरलं. निधी अजून आलेला नाही. भिंत तशीच आहे आणि लोक रोज येऊन त्या खोल खड्ड्यात वाकून बघितल्यासारखं करतात. खालचा बल्ब कधी उडाला तर पंचाईत नको म्हणून साहेबांनी जादा बल्ब ठेवायची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. तो तिकिटांच्या खणात असतो.

संध्याकाळी भाचा आला. त्याच पाटावर बसला, खड्ड्यासमोर. ताई वाढत होती आणि तिचं वाढणं संपत नव्हतं. शेवटी भाऊजींनीच ताईला सांगितलं की तू जे बघितलंस ते उलटं होतं. सगळं सांगितलं, दिवा, छत, बोर्ड, मुलगा. स्वतःवर चिडून म्हणाले, "आदळलं म्हटल्यावर मला वाटलं चिकटलं असेल."

ताई पळी घेऊन उभी होती. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "थापी चिकटली होती का?"

भाऊजींनी वर बघितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी तो खड्डा नीट बघितला तो पहिल्यांदा. वाटीएवढा खळगा, त्याच्या भोवती उचललेला गिलाव्याचा काठ, आतून पापुद्रे सुटून झालेले टप्पे, आणि चहूकडे लांब लांब गेलेल्या चिरा. सगळं होतं. त्यांच्याच हातचं होतं, आणि अगदी बरोबर झालं होतं. त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "भिंतीवर नव्हती मारली रे." मुलगा म्हणाला, मला माहीत आहे, आणि जेवत राहिला.

जेवणं झाल्यावर ताईने स्वतः घमेलं आणून ठेवलं. भाऊजींनी माल कालवला. मग थापी उचलली, तीच, आणि मुठीकडची बाजू पुढे करून मुलाकडे धरली. मुलगा म्हणाला, मला जमत नाही, मी स्क्रूवाला. भाऊजी म्हणाले, भर.

त्याने भरला. हात वळत नव्हता, माल सांडत होता, पट्टी फिरवताना मध्येच अडत होती. भाऊजी पाठीमागे हात बांधून उभे होते. ते हात एकमेकांना किती घट्ट धरून होते ते मला मागून दिसत होतं. चिरांवरूनही त्याने माल ओढला. शेवटी दोन पावलं मागे सरून बापाकडे बघितलं. मी काही मिस्त्री नाही, पण मलाही कळलं की माल जास्त झालाय. भिंतीला तिथे पोट आलं होतं.

घराच्या शिस्तीप्रमाणे ताई उठली. कोपऱ्यातला पत्र्याच्या टोपीचा बल्ब आणला, भिंतीच्या पायथ्याशी ठेवला आणि वायर घेऊन बटणाकडे निघाली.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "दिवा नको."

ताई वायर हातात घेऊन थांबली. भाऊजींनी वाकून बल्ब उचलला, टोपी पुसली, वायर गुंडाळली आणि परत कोपऱ्यात ठेवून दिला. मग म्हणाले, बरं झालंय, आणि हात धुवायला गेले.